परवाना एकदाच, परीक्षा दर सहा महिन्यांनी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोसायटीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळलं आणि २६० माणसं गेली. त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी छत्तीस वर्षं प्रवासी विमानं चालवली, त्यातली शेवटची काही वर्षं परीक्षक म्हणून काम केलं. त्यामुळे असं काही घडलं की लोक माझ्याकडे येतात. अपघाताच्या कारणाबद्दल मात्र मी काही बोललो नाही. ते शोधणं तपास करणाऱ्यांचं काम आहे. टीव्हीसमोर बसून अंदाज बांधणं हा गेलेल्या माणसांवर अन्याय आहे, असं मी मानतो.

सर समजूतदार. त्यांनी विषय सोडला. पण निघता निघता दारात थांबून म्हणाले, "कॅप्टनसाहेब, एक विचारू का? तुम्ही मंडळी तरुणपणी परवाना काढता आणि मग तीस-पस्तीस वर्षं विमान चालवता. मधे कुणी विचारतं का, की अहो, तुम्हाला अजून येतंय ना? की सायकलसारखंच आहे, एकदा आली की आली?"

मी त्यांना परत बसवलं आणि चहा टाकायला सांगितलं. कारण हा प्रश्न फार चांगला आहे. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाने तो विचारायला हवा.

आधी साधा हिशेब सांगतो. प्रवासी विमानाच्या वैमानिकाची प्रावीण्य तपासणी वर्षातून दोनदा होते. हा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा आहे आणि आपल्याकडे डीजीसीए तो राबवते. दोन तपासण्या जवळजवळ उरकून टाकायच्या आणि मग वर्षभर मोकळं, अशी पळवाट राहू नये म्हणून त्यांच्यात पुरेसं अंतर असावं लागतं. शिवाय प्रत्यक्ष प्रवासी घेऊन जात असताना परीक्षक मागच्या आसनावर बसून काम बघतो, ती तपासणी वेगळी. आग, धूर, समुद्रात उतरावं लागणं, प्रवाशांना बाहेर काढणं यांची उजळणी वेगळी. विमानातून नेल्या जाणाऱ्या धोकादायक मालाचा वर्ग वेगळा. वैद्यकीय तपासणी दरवर्षी, साठीनंतर दर सहा महिन्यांनी. आणि गेल्या नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं झाली नसतील, तर आधी ती सिम्युलेटरवर किंवा प्रशिक्षकाबरोबर पुरी करायची, मगच प्रवासी न्यायचे.

म्हणजे छत्तीस वर्षांत मी नुसत्या सिम्युलेटरमधल्या सत्तराच्या वर परीक्षा दिल्या. सर ऐकून म्हणाले, "एवढ्या परीक्षा तर मी घेतल्याही नसतील!"

आता सायकलीबद्दल. सायकल एकदा आली की विसरत नाही, हे खरं आहे. पण त्यात हाताचं आणि तोलाचं काम जास्त, डोक्याचं कमी. विमानाचं तसं नाही. अमेरिकेत २०१४ साली नासाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सोळा अनुभवी वैमानिकांना बोईंग ७४७ च्या सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि जी कामं एरवी संगणक करतो, ती त्यांना स्वतः करायला लावली. अनेकांना वाटत होतं की ऑटोपायलटच्या सवयीने वैमानिकांचे हात गंजले असतील. हात काही फारसे गंजले नव्हते. उपकरणांकडे बघत विमान हाताने सरळ ठेवणं त्यांना बरंच जमत होतं. गंजलं होतं ते डोकं. नकाशाचा पडदा बंद केल्यावर आपण नेमके कुठे आहोत, आता पुढची पायरी कोणती, समोरच्या उपकरणांपैकी कोणतं खोटं बोलतंय, इथे चुका होत होत्या.

म्हणजे सायकल लक्षात राहते. कोणत्या चौकात कुठे वळायचं, ते विसरायला होतं. म्हणून उजळणी.

ही उजळणी जिथे होते ते यंत्र म्हणजे सिम्युलेटर. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि यांत्रिक पियानो बनवायचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसे भाते तिथे भरपूर. या पोराला विमान शिकायचं होतं, पण शिकवणी महाग. म्हणून त्याने ऑर्गनचे भाते लावून, हवेच्या दाबाने डोलणारं एक छोटं लाकडी विमान १९२९ साली तयार केलं. सुरुवातीला लोकांनी त्याला खेळणं समजून करमणुकीच्या बागांत ठेवलं. पुढे १९३४ साली अमेरिकेत टपाल नेण्याचं काम लष्करी वैमानिकांवर आलं. ऐन हिवाळा, रात्रीची वेळ, ढगांत काही दिसत नाही आणि नुसत्या उपकरणांवर उडण्याचा सराव नाही. एकामागून एक वैमानिक मरायला लागले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा खेळणी विकत घेतली. तिथून या यंत्राला मान मिळाला.

आजचा सिम्युलेटर म्हणजे सहा मजबूत पायांवर उभी केलेली, बाहेरून पांढऱ्या मोठ्या खोलीसारखी दिसणारी वस्तू. आत शिरलं की हुबेहूब विमानाचं कॉकपिट. तेच दिवे, तीच बटणं, तेच आवाज. काचेबाहेर मुंबईची धावपट्टी हवी तर मुंबईची, काठमांडूची हवी तर काठमांडूची. वेग वाढल्याचा भास कसा देतात माहीत आहे? खोली हळूच मागे कलते. बाहेरचं दृश्य सरळच असल्यामुळे पाठीवर पडणारा भार हा वेगाचा आहे, असं शरीराला वाटतं. ही फसवणूक इतकी अचूक असते की नव्या विमानाचं प्रशिक्षण घेणारा अनुभवी वैमानिक सगळं सिम्युलेटरमध्ये शिकून, त्या जातीच्या खऱ्या विमानात पहिल्यांदा बसतो तो थेट देखरेखीखाली प्रवासी घेऊनच.

यंत्र महागडं, म्हणून ते दिवसरात्र चालतं. तुमची वेळ रात्री दोनची असू शकते. आधी तास-दीड तास चर्चा आणि प्रश्नोत्तरं, मग चार तास आत, मग पुन्हा चर्चा. दोन वैमानिक आणि मागे परीक्षक. परीक्षकासमोर एक पडदा असतो. त्यावर बोट ठेवलं की इंजिनाला आग लागते, चाक अडकतं, धुकं उतरतं.

परीक्षेत काय विचारतात? सगळ्यात ठरलेला प्रसंग उड्डाणाच्या वेळी इंजिन बंद पडण्याचा. धावपट्टीवर विमान धावत असताना एक वेग असा येतो की त्याच्या आधी बिघाड झाला तर थांबायचं आणि नंतर झाला तर थांबायचं नाही, उडायचं. या वेगाला आम्ही व्ही-वन म्हणतो. तो वजन, वारा, तापमान, धावपट्टीची लांबी यांवरून प्रत्येक उड्डाणासाठी वेगळा काढलेला असतो. मध्यम आकाराच्या जेट विमानासाठी तो ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. विचार आधी करून ठेवलेला असावा लागतो. पाय योग्य बाजूला दाबून विमान सरळ ठेवायचं, नाक ठरल्या गतीने उचलायचं, चाकं आत घ्यायची, आणि निदान चारशे फूट उंची येईपर्यंत बाकी कशाला हात लावायचा नाही.

दुसरा प्रसंग केबिनमधला हवेचा दाब जाण्याचा. पस्तीस हजार फुटांवर असं झालं तर माणूस अर्धा ते एक मिनिटच धड विचार करू शकतो. म्हणून पहिलं काम स्वतःच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवणं, मग बाकीचं. हवाई सुंदरी दर वेळी सांगते ना, आधी स्वतःचा मास्क लावा आणि मग मुलांना मदत करा? तोच नियम कॉकपिटलाही आहे. मग विमान झपाट्याने दहा हजार फुटांवर आणायचं. अशा काही मोजक्या कृती तोंडपाठ लागतात. बाकी सगळं पुस्तकात बघून करायचं असतं, आणि न बघता केलं तर गुण जातात.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी एका तपासणीत नापास झालो. तेव्हा मला कप्तान होऊन अकरा वर्षं झाली होती. त्या आधीच्या पाच-सहा तपासण्यांत इंजिनाचा बिघाड दरवेळी डाव्या इंजिनात दिला गेला होता. कुणी ठरवून केलं असेल असं नाही, पण तसं पडलं खरं. शाळेत अपेक्षित प्रश्नसंच असायचा ना, तसा आमचाही एक अलिखित प्रश्नसंच तयार झाला होता. पहिला प्रश्न, डावं इंजिन. परीक्षेच्या आदल्या दोन रात्री पुस्तक चाळायचं, तोंडपाठ कृती म्हणून बघायच्या आणि जायचं. अकरा वर्षं असंच निभावलं होतं.

त्या रात्री नवा परीक्षक होता. विमानाने धावपट्टी सोडली आणि आगीची घंटा वाजली. मी विमान नीट सांभाळलं. चारशे फूट झाले. मग माझा हात डाव्या इंजिनाच्या लीव्हरवर गेला. नियमाप्रमाणे मी विचारलं, "कन्फर्म?" सहवैमानिक म्हणाला, "कन्फर्म्ड, सर." मी लीव्हर मागे ओढला.

आग उजव्या इंजिनाला होती. लाल दिवा उजवीकडे पेटलेला होता, आणि तो माझ्या समोर होता.

परीक्षकाने सिम्युलेटर आहे तिथे थांबवला. घंटा बंद झाली. काचेबाहेर शहराचे दिवे जागच्या जागी थिजले. तो काही ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "कॅप्टन, दिवा कुठला पेटलाय, वाचून दाखवा."

मी वाचून दाखवला. सहवैमानिकाने मान खाली घातली. नंतर चर्चेत त्याने कबूल केलं, "सर, मला क्षणभर वाटलं होतं की बाजू चुकतेय. पण तुम्ही एवढे सीनियर. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

आम्ही दोघेही नापास. मला कामावरून बाजूला केलं. पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा तपासणी, यात दोन आठवडे गेले. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. मला दिवसा घरी बघून तिने आईला विचारलं आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही नापास झालात?" मी हो म्हटलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आपण दोघं एकाच टेबलावर अभ्यासाला बसू." ते दोन आठवडे आम्ही तसे बसलो. ती भूमितीची प्रमेयं, मी इंजिनाच्या आगीचं प्रकरण.

माझी चूक खोट्या विमानात झाली, म्हणून ही गोष्ट मी आज सांगू शकतो. खऱ्या विमानात ती झालेली आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ बोईंग ७३७ विमानाचं डावं इंजिन बिघडलं होतं आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. १२६ जणांपैकी ४७ गेले. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैवानमध्ये तैपेईला एटीआर विमानाच्या एका इंजिनाची शक्ती गेली. कप्तानाने दुसरं, चांगलं इंजिन मागे ओढलं. विमान एका पुलाला घासून नदीत पडलं, ४३ जण मेले. त्या कप्तानाला आधीच्या एका सिम्युलेटर तपासणीतही नेमकी इंजिन बिघडण्याच्या प्रसंगात अडचण आली होती, हे चौकशीत पुढे आलं. त्या तपासणीचं वर्णन वाचताना मला आमच्या जेवणाच्या टेबलाची आठवण झाली होती.

माझ्या सहवैमानिकाचं गप्प राहणं हाही अभ्यासाचाच विषय आहे. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, मोठ्यांना उलट बोलू नये. घरात ते ठीक असेल, कॉकपिटमध्ये ते घातक आहे. पण हा दोष आपलाच आहे असं नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं मेली. समोरची धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती, पण ज्येष्ठ कप्तान पुढे निघाला होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कप्तानाला इंधन संपत आल्याचं भान राहिलं नाही. सहकारी सांगत होते, पण हळू आवाजात. या अपघातांनंतर १९७९ साली नासाने एक परिषद भरवली आणि कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं, हा प्रशिक्षणाचा विषय झाला. आम्ही त्याला सीआरएम म्हणतो. आपल्याकडे २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जण गेले. त्यातही सहवैमानिकाने उतरू नका, पुन्हा वर चला, असं सांगितलं होतं. म्हणून आता तपासणीत नुसतं विमान नीट चालवलंत का हे बघत नाहीत. सहवैमानिक बोलला का, आणि कप्तानाने ऐकलं का, हेही बघतात.

याचं दुसरं टोक म्हणजे १९८९ सालचं आयोवा राज्यातलं सू सिटी. विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली होती. प्रवाशांत कंपनीचा एक प्रशिक्षक वैमानिक बसला होता. तो कॉकपिटमध्ये आला आणि कप्तानाने संकोच न करता त्याच्या हाती इंजिनांचे लीव्हर दिले. नुसत्या इंजिनांच्या जोरावर त्यांनी विमान धावपट्टीपर्यंत आणलं. ११२ गेले, पण १८४ वाचले. आपण वाचलो याचं श्रेय कप्तान अल हेन्स पुढे आयुष्यभर या सीआरएम प्रशिक्षणाला देत राहिले.

आता कळीचा मुद्दा. परीक्षा ठरलेली असली की माणूस परीक्षेपुरता अभ्यास करतो. नासाच्या त्याच संशोधकांनी हेही तपासून पाहिलं होतं. नेहमीच्या पद्धतीने, अपेक्षित जागी बिघाड दिला तर वैमानिक तो सफाईने हाताळतात. तोच बिघाड अनपेक्षित वेळी, वेगळ्या रूपात दिला तर प्रतिसादात गडबड व्हायला लागते. पाठ केलेली कविता मधल्याच ओळीपासून म्हणायला सांगितली की मुलं अडखळतात, तसंच हे.

याची किंमत १ जून २००९ च्या रात्री कळली. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या एअरबसच्या वेग मोजणाऱ्या नळ्या अटलांटिक महासागरावर बर्फाने थोड्या वेळासाठी बंद झाल्या. ऑटोपायलट सुटला. विमान ठणठणीत होतं. त्याला सरळ ठेवलं असतं, तर ते उडत राहिलं असतं. पण वैमानिकाने नाक वर ओढलं, पंखांखालचा आधार गेला, आणि इशारा वाजत असूनही आपण पडतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात गेलं. २२८ माणसं. एवढ्या उंचीवर, वेगाचे आकडे खोटे असताना, विमान हाताने चालवण्याचा सराव त्या वैमानिकांना दिलेला नव्हता, असं फ्रान्सच्या तपास अहवालात २०१२ साली नोंदलं गेलं. अभ्यासक्रमात तो धडाच नव्हता.

त्यानंतर जगभर अभ्यासक्रम बदलू लागले. विमान पूर्ण कलंडलं किंवा पंखांचा आधार गेला तर त्यातून सावरण्याचा सराव आला. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ साली पुराव्यांवर आधारलेल्या प्रशिक्षणाची चौकट दिली. तिचा अर्थ सोपा आहे. पन्नास वर्षांपूर्वीची इंजिनं वरचेवर बंद पडायची, म्हणून जुना अभ्यासक्रम इंजिनाभोवती फिरायचा. आज अपघात खरोखर कशाने होतात ते बघा आणि त्याचा सराव द्या. आधी न सांगता. आणि केवळ पास-नापास असा शिक्का न मारता, माणूस कुठे कमी पडतो ते शोधून तेवढं शिकवा.

अभ्यास काय करायचा, याबद्दलच्या अपेक्षाही बदलल्या. मी लागलो तेव्हा तोंडी परीक्षेला जुने परीक्षक विचारायचे, हायड्रॉलिकचा दाब किती? तीन हजार पौंड. अमुक झडप कुठल्या विजेवर चालते? आम्ही घोकून जायचो. पण हवेत असताना त्या झडपेचं मी काय करणार होतो? आता चांगला परीक्षक विचारतो, "ही यंत्रणा गेली तर उतरताना तुमचं काय काय कमी होईल? धावपट्टी किती लांब लागेल? तुम्ही कुठे उतराल आणि का?" आकडा पाठ असून भागत नाही, त्याचा अर्थ कळावा लागतो. मात्र घोकंपट्टी सगळीच वाईट असंही नाही. ज्या कृती अर्ध्या मिनिटात व्हायच्या, त्या पाढ्यांसारख्याच पाठ हव्यात. काय पाठ करायचं आणि काय समजून घ्यायचं, हा फरक ज्याला कळला त्याचा अभ्यास अर्धा झाला.

आणि अभ्यास कधी करायचा? जर्मनीचे एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की शिकलेलं आपण पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरतो, आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर ते टिकतं. नापास झाल्यानंतर मी एक नियम केला. परीक्षा असो नसो, रोज अर्धा तास. आठवड्याला एक प्रकरण. खोलीच्या भिंतीवर कॉकपिटचं मोठं चित्र चिकटवलं. आमच्यात बहुतेक जण असं करतात. समोर खुर्ची टाकून बसायचं, डोळे मिटायचे आणि हात नेमका कुठे जाईल ते करून बघायचं. खर्च शून्य. माझी पत्नी पुस्तक हातात घेऊन समोर बसायची आणि मधेच म्हणायची, "अहो, उजव्या इंजिनाला आग." मी चुकीच्या बाजूला हात नेला की तिला फार आनंद व्हायचा.

हे कुणाच्या वेळेत करायचं, यावर वैमानिकांत आणि कंपन्यांत वाद आहेत. रात्रीच्या ड्यूट्या, अपुरी झोप, आणि वर घरी अभ्यास, ही तक्रार खोटी नाही. कंपनीने सिम्युलेटरचे तास द्यावेत, वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा ठेवावी, आणि नापास झालेल्याला चोरासारखं वागवू नये. माणसाला नोकरीची भीती वाटली की तो चुका लपवतो, आणि लपवलेली चूक शिकता येत नाही. पण सिम्युलेटरमध्ये शिरताना अभ्यास करून येणं, ही जबाबदारी वैमानिकाचीच. तिथले चार तास पुस्तक वाचण्यात घालवायचे नसतात. करोनाच्या काळात, २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती, आणि नंतरही पुष्कळ दिवस उड्डाणं तुरळक होती. कामावर परतणाऱ्यांत कोण घरी पुस्तक उघडत होता आणि कोण नाही, हे परीक्षकाच्या खुर्चीवरून पहिल्या दहा मिनिटांत कळायचं.

शेवटी एक जुनी आठवण. १ जानेवारी १९७८ ला मी मुंबईत कॉलेजात शिकत होतो. त्या संध्याकाळी एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं. २१३ जण गेले. विमान कुठल्या बाजूला कललं आहे हे दाखवणारं कप्तानासमोरचं उपकरण चुकीचं दाखवू लागलं होतं. बाहेर काळोख, खाली समुद्र, क्षितिज दिसत नव्हतं. कॉकपिटमध्ये तसली आणखी उपकरणं होती, पण पडताळून पाहायला फार थोडे क्षण हातात होते. पुढे मी वैमानिक झालो. आपल्यासमोरच्या उपकरणावर एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही, शेजाऱ्याचं बघायचं, मधलं बघायचं, हे मी दर सहा महिन्यांनी पुन्हा नव्याने शिकलो. वांद्र्यावरून उडताना दर वेळी नजर आपोआप त्या तिन्हींवरून फिरायची.

सरांना हे सगळं सांगून झालं तेव्हा चहाचे दोन कप झाले होते. ते म्हणाले, "आमच्या शिक्षकांची अशी परीक्षा घेतली असती, तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "सर, पुढच्या वेळी विमानात बसाल, तेव्हा पुढच्या दाराआड बसलेल्या दोघांनी गेल्या सहा महिन्यांत आग, धूर, धुकं, बंद इंजिन सगळं एकदा भोगलेलं असेल, असं समजा. त्यातला एखादा नापासही झाला असेल आणि पुन्हा शिकून आला असेल. त्याच्या विमानात मी निर्धास्त बसेन."